नाक माझं होतं, अण्णा

अण्णा, तुझ्या शोकसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकानं वाइनवरचं तुझं तेच एक वाक्य सांगितलं. कुणी इंग्रजीत, कुणी कन्नडमध्ये, आणि त्या पुण्याच्या केतकीनं मराठीत. 'नेब्बिओलोचा वास म्हणजे तापलेल्या डांबरावर सांडलेला गुलकंद.' लोक माना डोलवत होते. वैनी पदरानं डोळे पुसत होत्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, असं नाक या शहरात पुन्हा होणार नाही.

ते वाक्य माझं होतं. तुला माहीत होतं, वैनींना माहीत होतं. केतकीलाही माहीत होतं, म्हणून ती ते सांगताना माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी निपाणीतल्या तुझ्या शाळेचं काहीबाही सांगितलं आणि जागेवर येऊन बसले. सख्ख्या भावाच्या शोकसभेत बहिणीनं काय बोलायचं असतं, ते ठरलेलंच असतं, सगळ्यांना माहीत असतं. मी तेवढंच बोलले. उरलेलं आता बोलते. आता तुला 'सुमी, पुरे' म्हणता येणार नाही.

तुझा वाइनचा वर्ग कसा सुरू व्हायचा, ते मला पाठ आहे. बेंगळुरूत, मारतहळ्ळीच्या त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आयटीतली पोरं जमायची. त्यांना वाटायचं, आता फ्रान्सची नावं ऐकायला मिळणार. तू फळ्यावर एक टेकडी काढायचास. 'इटलीचा उत्तर-पश्चिम कोपरा. पिएमोंते प्रांत. त्यातल्या या लांगेच्या टेकड्या. या वर्गात आपण यांच्याबाहेर जाणार नाही.' मग त्याच टेकडीवर तू द्राक्षांच्या वेली वाटून द्यायचास. हिवाळा संपताना ज्या उतारावरचं बर्फ सगळ्यात आधी वितळतं, तो उतार नेब्बिओलोचा. त्यापेक्षा जरा कमी ऊन मिळतं, तो बार्बेराचा. आणि जिथं गारठा टिकून राहतो, तो भाग दोल्चेत्तोचा. 'घरात थोरल्याला पुढची खोली, मधल्याला मधली आणि धाकट्याला जिन्याखालची, तसं,' असं तू म्हणायचास. लोक हसायचे. मी तुझ्या शेजारी बाटल्या मांडत असायचे.

तुझं त्या टेकड्यांवर प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. तरुणपणी तू नोकरी करायचास त्या हॉटेलनं तुला तिकडे शिकायला पाठवलं आणि तू परत आलास तो वेगळाच होऊन. हॉटेलची नोकरी सोडलीस, वर्ग काढलेस, रेस्टॉरंटवाल्यांना कुठली वाइन ठेवायची ते सांगायला लागलास. तेव्हा तुला खरंच वास येत होता. फार चांगला येत होता. मी हे कुणाहीसमोर सांगेन.

नाक आपल्या दोघांनाही अप्पांकडून आलं. निपाणीच्या वखारीत अप्पा तंबाखूची जुडी नाकाशी धरायचे आणि ती कुठल्या रानातली, पाऊस लागलेली की कोरडी, ते सांगायचे. ते तुला वखारीत घेऊन जायचे. मला नाही. मी घरात बसून तुमच्या कपड्यांच्या वासावरून ओळखायचे, आज कुठला माल आला होता. अप्पा म्हणायचे, पोरीच्या जातीला असलं नाक काय कामाचं. तू मात्र मला परसात बोलवायचास, खिशातनं आणलेलं पान हातावर ठेवायचास आणि विचारायचास, 'काय येतंय?' बारावीनंतर अप्पा मला घरी बसवणार होते, तेव्हा तू त्यांच्याशी भांडलास. मी रसायनशास्त्र शिकले ती तुझ्यामुळे. बनशंकरीच्या शाळेत नोकरी लागली, लग्न काही जमलं नाही, आणि तू तुझ्या घराचा वरचा मजला मला दिलास. हे सगळं खरं आहे. हे खरं नसतं तर तुझ्यावर रागावणं किती सोपं गेलं असतं.

मग त्या साथीच्या वर्षी तुला ताप आला. आपल्या सगळ्यांनाच आला. महिन्याभरात सगळे सावरलो. तू एकदा सकाळी स्वयंपाकघरात उभा होतास, गॅसवर दूध करपून काळं झालं होतं, घरभर धूर, आणि तू पातेल्याशेजारी शांतपणे पेपर वाचत होतास. मी वरून धावत खाली आले. तू माझ्याकडे बघितलंस, मग पातेल्याकडे. तुझा चेहरा मी आजही विसरलेले नाही. डॉक्टर म्हणाले, वास येईल हळूहळू. आला नाही.

वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा तू मला म्हणालास, 'सुमी, शनिवारी चल जरा माझ्याबरोबर.' मी शाळेतून नुकतीच निवृत्ती घेतली होती. मला वाटलं, बाटल्या उचलायला मदत हवी असेल. पहिला ग्लास तू माझ्यापुढे सरकवलास आणि हळूच विचारलंस, 'काय येतंय?'

हॉलमध्ये मराठी कुणालाच कळत नव्हतं. तमिळ होते, तेलुगू होते, दिल्लीचे होते. आपली घरातली भाषा तिथं दार लावून घेतलेल्या खोलीसारखी होती. मी म्हटलं, 'पिकलं करवंद. मागं जरा कात. शेवटी कडू बदाम.' तू ग्लास नाकाशी नेलास, डोळे मिटलेस आणि माझं म्हणणं इंग्रजीत सांगितलंस, पण कसं सांगितलंस! करवंदाची जाळी आणलीस, उन्हाळ्याची सुट्टी आणलीस, काट्यांनी ओरबाडलेले हात आणलेस. म्हणालास, 'दोल्चेत्तो म्हणजे छोटीशी गोड. फक्त नावातच गोडवा आहे. शेवटचा घोट कडवटच असतो.' लोक भारावून ऐकत होते. मीही ऐकत होते. त्या दिवशी मला आनंदच झाला होता, अण्णा. परसातला खेळ पुन्हा सुरू झाला, असं वाटलं.

मग तोच रिवाज झाला. तू विचारायचास, मी सांगायचे, तू बोलायचास. लोकांना वाटायचं, भाऊ बहिणीला शिकवतोय. तूही तसंच सांगायला लागलास. 'ही माझी धाकटी बहीण. हिला तयार करतोय.' पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसले. नंतर हसायचं थांबले.

मी काय शिकले ते शिकले. बार्बेरा हाताला लागली तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली. दाट काळसर रंग, कोकमासारखा आंबटपणा, तुरटपणा जवळजवळ नाही. भाकरी आणि तांबड्या रश्श्याबरोबर घ्यावी ती हीच. तू म्हणायचास, 'बार्बेरा रोजच्या जेवणातली. तिच्यावर वर्ग होत नाही.' नेब्बिओलो तुझा देव. रंगानं इतका फिका की नवखे विचारायचे, पाणी घातलंय का यात? आणि तोंडात घेतला की कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आवळायची. कितीतरी वर्षं ठेवावा लागतो, तेव्हा तो माणसात येतो. त्याचाच मग बारोलो होतो, बार्बारेस्को होतो. मी म्हणायचे, 'ज्याच्यासाठी एवढं थांबावं लागतं त्याचंच कौतुक, आणि जी पहिल्या दिवसापासून जेवण गोड करते तिला जिन्याखालची खोली?' तू म्हणायचास, 'मधली खोली.' हा वाद आपण कितीदा घातला. वैनी कंटाळून आपल्या कन्नड वळणानं म्हणायच्या, 'सरी सरी, आधी जेवा.' हा वाद मला आवडायचा. तो तसाच राहिला, त्याचं दुःख होतं.

केतकी आली तेव्हा आपल्या भाषेच्या त्या बंद खोलीचं दार पहिल्यांदा उघडलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी, पुण्याहून नुकतीच आलेली. ती गप्प बसून ऐकत होती. वर्ग संपल्यावर तू खाली गाडीकडे गेलास आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'मावशी, मला मराठी येतं.'

मी ग्लास पुसत राहिले.

'म्हणजे तुम्ही सांगता आणि ते बोलतात,' ती म्हणाली. 'असं का?'

'परीक्षा घेतो तो माझी,' मी म्हटलं.

'परीक्षा घेणारा तुमचंच उत्तर स्वतःचं म्हणून सांगतो?' ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी तिला म्हटलं, 'हे तुझ्यापाशी ठेव.' तिनं ठेवलं. तुझ्या शोकसभेतही ठेवलं.

घरी येऊन मी तुला सांगितलं. तू म्हणालास, 'आता जरा हळू बोलत जा.' एवढंच.

मग मार्तीना आली. लांगेतली, स्वतःचे द्राक्षमळे असलेली, सत्तरीची बाई. आपल्या वाइन इथं खपवायच्या म्हणून बेंगळुरूला आलेली. तिच्यापुढे बाटल्या झाकून ठेवल्या होत्या आणि तू एकेक ओळखत गेलास. मी शेजारी पुटपुटत होते. डांबर आणि गुलकंद मी त्याच दिवशी म्हटलं होतं. जयनगरला रस्ता नव्यानं करत होते, आपण तिथूनच आलो होतो, तोंडात पान होतं, म्हणून सुचलं. तू ते इंग्रजीत म्हटलंस आणि मार्तीना खुर्चीतून उठली. तुझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, तोडणीच्या वेळी माझ्या घरी या. तू म्हणालास, बहिणीलाही आणतो. वैनींचं गुडघ्याचं दुखणं होतं, त्या आल्या नाहीत.

त्या टेकड्या मी पाहिल्या, तुझ्यामुळे पाहिल्या. सकाळी दरी धुक्यानं भरलेली असायची, आणि वर फक्त गावांचे माथे आणि चर्चचे मनोरे. तिकडे धुक्याला नेब्बिआ म्हणतात, त्यावरून नेब्बिओलो, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा तू नुसता उभा राहिलास. त्या मातीचा, पिकल्या घडांचा, तळघरातल्या लाकडाचा वास तुला येत नव्हता. तू मला विचारलंही नाहीस. मीच म्हटलं, 'अण्णा, पावसानंतरच्या चुनखडीचा वास येतोय.' तू मान हलवलीस आणि तोंड फिरवलंस. तेव्हा मला तुझ्याबद्दल इतकं वाईट वाटलं की बाकी सगळं माफ होतं.

तळघरात मार्तीनानं तुझ्यासाठी एक जुना बारोलो उघडला. मी अंगणात तिच्या कामकरणींबरोबर हेझलनट निवडत होते. आत आले तेव्हा तू ग्लास धरून बोलत होतास. सुकलेला गुलाब, ज्येष्ठमध, चामडं. आणि मला दारातच वास आला, ओल्या गोणपाटाचा. बूच सडलेलं होतं, वाइन मेलेली होती. मी मराठीत म्हटलं, 'अण्णा, बाटली गेलीय.' पण तू बोलून चुकला होतास. मार्तीनानं तोवर स्वतःचा ग्लास नाकाशी नेला होता. ती थांबली. तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळे ग्लास उचलले, मोरीत ओतले आणि दुसरी बाटली उघडली. आणि त्या बाटलीचा पहिला ग्लास तिनं मला दिला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन उतारावर फिरली. तिची इंग्रजी मोडकी, माझीही शाळेतली. एके ठिकाणी नेब्बिओलोच्या ओळीच्या टोकाला पांढऱ्या द्राक्षांच्या वेली दिसल्या. आर्नेइस. पूर्वी मुद्दाम लावायचे, तिनं सांगितलं. गोड द्राक्ष, लवकर पिकतं, पाखरं त्याच्यावर पडतात आणि नेब्बिओलो वाचतो. तिच्या आजोबांच्या वेळी आर्नेइसची वेगळी वाइनसुद्धा कुणी काढत नसे. मग पिंपांपाशी नेऊन तिनं मला एकेक चाखायला लावलं. मी मला येतील ते शब्द सांगितले. ती हसत होती, मान हलवत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझे शब्द माझ्याच तोंडून कुणीतरी ऐकत होतं.

निघायच्या सकाळी ती अंगणात तुझ्याशी बराच वेळ बोलत होती. गाडीत मी विचारलं, 'काय म्हणत होती?' तू म्हणालास, 'पावसापाण्याचं. यंदा गारा पडल्या म्हणे.'

परत आल्यावर मी तुला विचारलं होतं, आठव. सकाळची वेळ, मी वैनींबरोबर कोथिंबीर निवडत होते.

'लोकांना कधी सांगणार?'

'काय?'

'वास मला येतो, हे.'

तू पेपर खाली ठेवलास. 'सुमी, लोक वास घ्यायला येत नाहीत. ऐकायला येतात. तू मला चार शब्द देतेस. त्यांची गोष्ट मी करतो.'

'मग शब्दही तुझेच वापर.'

'जमलं असतं तर वापरले नसते?'

'तू माझी आर्नेइस केलीयस, अण्णा,' मी म्हटलं. तू हसलास. त्या हसण्यात चूक कबूल केल्यासारखं काही आहे का, ते मी तेव्हा शोधत होते. आजही शोधते आहे. पुढच्या शनिवारी मी गेले नाही. तू घसा बसल्याचं सांगून वर्ग रद्द केलास. त्यानंतर वैनी जिना चढून वर आल्या, गुडघा धरून, आणि म्हणाल्या, 'त्यांना दुसरं काही येत नाही हो.' मी गेले. जात राहिले. तू म्हणालास, 'या वर्षाअखेर सांगतो सगळ्यांना.' वर्षअखेर आली, गेली.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी तू माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं, आता म्हणशील. वैनी बाहेर औषधं आणायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तू म्हणालास, 'शनिवारच्या लोकांना कळवलंस का, वर्ग नाही म्हणून?' मी म्हटलं, कळवलं. तू डोळे मिटलेस. हे माझ्यासाठी तुझं शेवटचं बोलणं.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण सभेनंतर काही दिवसांनी मार्तीनाचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं. आधी रडली. तुझ्याबद्दल चांगलं बोलली. मग म्हणाली, 'एक विचारू? तू का आली नाहीस?'

'कुठे?'

'माझ्याकडे. तोडणीपासून वसंतापर्यंत. मी तुझ्या भावाला सांगितलं होतं ना अंगणात. माझं नाक आता थकलंय. पिंपं चाखायला मला तू हवी होतीस. वरची खोलीही झाडून ठेवली होती.'

मी खिडकीशी उभी होते. खाली वैनी तुळशीला पाणी घालत होत्या.

'काय म्हणाला तो?' मी विचारलं.

'म्हणाला, तिला थंडी सोसत नाही. घर सोडून ती राहू शकत नाही.' मग ती म्हणाली, 'आता माझी भाची आहे. चांगली आहे. पण मी तेव्हा वाट पाहिली होती.'

आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, 'हो. थंडी सोसत नाही मला.' फोन ठेवला आणि मग कळलं, तू गेल्यावरही मी तुझंच झाकत होते.

अण्णा, तू मला विचारलं असतंस तर मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं. तुला तसं सोडून मी गेले नसते. हे तुला माहीत असणार. माझ्यासाठी अप्पांशी भांडलास, आणि मग अप्पांनी केलं तेच केलंस. त्यांनी वखारीच्या दारात अडवलं, पण समोर उभं राहून अडवलं. दार आहे हे तरी मला दिसत होतं. तू ते दिसूच दिलं नाहीस. माझा होकार तुला नको होता हे मी समजू शकते. माझ्या नकारावरही तुझा भरवसा नव्हता, हे मला गिळता येत नाही.

वैनींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्याकडे तू एवढाच उरला आहेस.

गेल्या शनिवारी वर्ग घेतला. तू जाण्याआधीच ठरलेला होता, लोकांनी नावं दिली होती, वैनी म्हणाल्या, 'तुम्हीच घ्या. त्यांचं नाव राहील.' मी घेतला. फळ्यावर टेकडी काढली. दोल्चेत्तो आधी दिला, मग नेब्बिओलो, आणि बार्बेरा सगळ्यात शेवटी, मानानं. केतकी मागं बसली होती. मी मला येत होतं ते माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगत गेले, कुठेही न थांबता, कुणालाही न विचारता. तुझ्यासारखी गोष्ट मला करता आली नाही, हेही सांगते. काही जागा कोरड्या गेल्या. तुझी आठवण तिथं फार आली, आणि त्याचाही राग आला.

संपत आलं तेव्हा तुझा एक जुना विद्यार्थी उठला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, 'मॅडम, डोळे मिटले तर सरच बोलतायत असं वाटतं. तेच शब्द. किती मनापासून शिकवलं होतं त्यांनी तुम्हाला.'

'नाही,' मी म्हटलं. 'तो माझे शब्द बोलायचा.'

मग कुणीतरी हसलं आणि सगळा हॉल प्रेमानं हसला. लाडक्या धाकट्या बहिणीनं केलेली थट्टा वाटली त्यांना. टाळ्याही वाजवल्या. केतकी तेवढी हसली नाही.

मी पुन्हा सांगितलं नाही. रिकामे ग्लास गोळा करायला लागले.